बोट बुडाली, भूकंप झाला: गावातल्या माणसाचं आयुष्य सालवार कसं लावायचं?

खाडीकाठ:
रेवसजवळच्या एका आजोबांचं आयुष्य लिहून काढायचंय. कागद जवळपास नाहीत. सांगणं असं: "बोट बुडाली तेव्हा मी रांगत होतो", "नवे पैसे आले तेव्हा बापाची जमीन झाली", "भूकंपाच्या साली लग्न". शाळेच्या दाखल्यावर जन्म 1 जून 1941. काय खरं धरायचं?

जुनं दप्तर:
1 जून म्हणजे मास्तरांनी दिलेला वाढदिवस, त्यावर विसंबू नका. शाळेत जाऊन जनरल रजिस्टरात (मुलांच्या प्रवेशाची वही) दाखल केल्याची तारीख बघा. जन्मतारीख अंदाजाने टाकत, पण मूल वर्गात कधी आलं ते मास्तरांसमोर घडलेलं असतं. 'रामदास' बोट बुडाली 17 जुलै 1947 ला, गटारीच्या सुमारास. दाखल जून 1947 निघालं तर रांगणारा धाकटा भाऊ असणार. 1952-53 निघालं तर आजोबा बरोबर आणि दाखला चूक.

आणि 'बोट' म्हणजे रामदासच असं नाही हं. नोव्हेंबर 1927 मध्ये 'जयंती' आणि 'तुकाराम' एकाच दिवशी बुडाल्या होत्या. इथे भूकंपातल्या लग्नामुळे ती शक्यता बाद होते, नाहीतर नवरदेव चाळिशीचा ठरेल.

सातबारा:
नवे पैसे (दशमान नाणी) आणि कुळकायद्याचा कृषक दिन, म्हणजे कसणारी कुळं कायद्याने जमिनीची मालक धरली गेली तो दिवस, दोन्ही 1 एप्रिल 1957. त्यामुळे ती आठवण पक्की. पण कागद त्याच साली शोधाल तर हात हलवत परत याल. आधी कुळकायद्याच्या कलम 32-ग खाली जमिनीची किंमत ठरायची, मग हप्ते, सगळे फिटले की 32-म चं सर्टिफिकेट. फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, कित्येक वर्षांनी पडलेला असू शकतो. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर नावाजवळचा वर्तुळातला आकडा हा फेरफार क्रमांक. तो घेऊन तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 6 ची (फेरफाराच्या वहीची) नक्कल मागा. सातबाऱ्यावरची कंसातली नावं सोडू नका, नाव कमी झालेला माणूस तिथेच सापडतो.

मांडवा:
कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967, पहाटेचा. 'भूकंपाच्या साली' म्हणजे लग्नसराई धरा: तुळशीच्या लग्नापासून पुढच्या पावसापर्यंत, म्हणजे 1968 चा मेसुद्धा. 'संपात' असं कुठे आलं तर विचारून घ्या. अलिबागकडच्या जुन्या माणसाचा संप चरी गावच्या शेतकऱ्यांचा, 1933 ते 39. त्यानंतरच्यांचा मुंबईच्या गिरणी कामगारांचा, 1982.

जुन्या नोंदी मागताना 'रायगड' म्हणू नका. 1981 पर्यंत जिल्हा कुलाबा होता, गठ्ठ्यांवर तेच लिहिलेलं असतं.