ड्रेक मे कोचच्या बाजूने बोलला. आता आपण काय समजायचं?

पेठेतला बॅकअप
२९ डिसेंबर २०२४

काल गिलेटला होतो, आपल्या पेट्रियट्सच्या स्टेडियमवर (अमेरिकन फुटबॉल, हो). चार्जर्स ४०, आपण ७. घरी बसून बघणाऱ्यांनी केव्हाच चॅनेल बदललं असेल. मला ती सोय नव्हती. गाडी दुसऱ्याची होती आणि त्या दुसऱ्याला शेवटपर्यंत बसायचं होतं.

त्यात माझ्या अंगात ५१ नंबर. २००९ साली कोल्हापुरातून फ्रेमिंगहॅमला आलो तेव्हा रेंथमच्या आऊटलेटमधून घेतलेली जेरॉड मेयोची जर्सी. तो आदल्या वर्षीचा डिफेन्सिव्ह रूकी ऑफ द इयर, म्हणजे बचावातला सर्वोत्तम नवखा, आणि मला अख्ख्या टीममधली दोनच नावं माहीत होती, ब्रेडी आणि हा. ब्रेडीची जर्सी महाग होती. असं आमचं प्रेम जमलं. आता तोच माणूस जुन्या कोचच्या, बेलिचिकच्या, खुर्चीत बसलाय आणि टीम ३-१३ (तीन जिंकल्या, तेरा हरल्या).

उत्तरार्धात मागच्या रांगांतून 'फायर मेयो' सुरू झालं. आधी चार टाळकी, मग सगळा स्टँड. मी गपचूप जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. आणि खोटं कशाला बोलू, चेन ओढून झाल्यावर दोनदा मीही ओरडलो.

रात्री घरी येऊन प्रेस कॉन्फरन्स बघितली. (नवीन मंडळींसाठी: मे हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, मेयो हा कोच. आमच्या घरी अजून घोळ होतो. बायको विचारते, "मे महिन्यातला का डिसेंबरमधला?") हा मे म्हणजे पोरगं, बावीस वर्षांचं. सुरुवातीलाच हेल्मेटवर दणका बसला म्हणून तपासायला आत नेलं होतं. परत आला आणि आपला एकमेव टचडाऊन डग्लसला त्यानेच दिला. तर त्याला त्या आरोळ्यांबद्दल विचारलं. तो म्हणाला त्याचा मतलब असा, की बाहेरचे काय म्हणायचं ते म्हणोत, आम्ही आत रोज राबतोय आणि आम्ही कोचच्या पाठीशी आहोत.

तेव्हापासून डोकं भणभणतंय. माझा गाडीवाला मित्र म्हणतो, विषय संपला. ज्याच्यावर पुढची दहा वर्षं काढायची तोच 'हा कोच हवा' म्हणतोय, तर मालकाने, क्राफ्टने, हात लावू नये. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे सांगता येत नाहीये. खरंच मनातलं बोलला, की दुसरं बोलायची सोयच नव्हती? तुम्हाला काय वाटतं?


थर्ड अँड लाँग
२९ डिसेंबर २०२४

भाऊ, त्याच्या बोलण्याची किंमत शून्य. त्याने 'काढा' म्हटलं असतं तरी शून्यच धरली असती. रूकीने कोचवर मत द्यायचं नसतं. मैदानात काय दिसतं ते बघ.

लंडनमध्ये जॅक्सनव्हिलकडून ३२-१६ हरल्यावर कोच आपल्याच टीमला 'सॉफ्ट' म्हणाला आणि नंतर शब्द गिळत बसला. ॲरिझोनात एक यार्ड हवा होता, धाव अडली. ड्रेकला स्वतःला का पळू दिलं नाही असं विचारल्यावर उत्तर असं दिलं की सगळ्यांनी बोट ऑफेन्स बघणाऱ्या व्हॅन पेल्टकडे वळवलं. दुसऱ्या दिवशी त्याचीही सारवासारव. काल तर कहर. स्टीव्हन्सन फंबल करतो (चेंडू हातून सोडतो) म्हणून गिब्सन सुरुवात करणार असं मॅचआधी रेडिओवर सांगितलं, आणि पहिल्या खेळीला उभा कोण? स्टीव्हन्सन. म्हणजे वर्गशिक्षकाने कोंबडा करतो म्हणून सांगावं आणि मुलाला मॉनिटर करावं.

आता कोचची बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल हा एकतर्फी. काल आपल्याला धुतलं त्यात लॅड मॅकॉन्की होता ना? ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडतात तिथे) ३४ वा पिक आपला होता. तो आपण चार्जर्सनाच दिला, त्यांनी त्यावर मॅकॉन्की घेतला. आपण ३७ व्या नंबरला पोक घेतला. हे मेयोने एकट्याने केलेलं नाही. आणि २०२३ ला खुद्द बेलिचिकही ४-१३ वरच गेला होता, तेव्हा नवीन माणसाला घर मिळालं ते गळकंच होतं. पण गळकं घर मिळालं म्हणून बादल्या चुकीच्या जागी ठेवायच्या असं थोडंच आहे.


शिकागोतला नाशिककर
३० डिसेंबर २०२४

तुमच्या दुःखात सहभागी. आमचं श्राद्ध महिन्यापूर्वीच झालं.

थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटमध्ये आम्ही बेअर्सवाले २३-२० हरलो. शेवटचं अर्धं मिनिट, आमचा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स सॅक झालेला (चेंडू फेकायच्या आत पाडलेला), टाइमआऊट खिशात, आणि कोच नुसता बघतोय. आमच्या घरी पाहुणे होते. त्यांना फुटबॉल कळत नाही, पण "अरे थांबवत का नाहीत?" हे त्यांनीही विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोच एबरफ्लस पत्रकारांशी बोलून मोकळा झाला, आणि त्यानंतर त्याला काढलं. सीझन चालू असताना हेड कोच काढायची बेअर्सची ही पहिलीच वेळ.

केलेबही सगळा सीझन अशा प्रश्नांना सांभाळूनच उत्तरं देत होता. मला त्याचा राग यायचा, पोरगा स्पष्ट का बोलत नाही? मग १० नोव्हेंबर आठवला. तुमच्याच टीमने त्याला नऊ वेळा आडवा केला होता, १९-३. त्यानंतर दोन दिवसांत ऑफेन्सचा कोच वॉल्ड्रन गेला. नऊ वेळा पडून उठलेल्या पोराने वर माईकसमोर कोचचाही निकाल लावायचा? एवढा पगार कोणालाच नसतो हो. म्हणजे असतो, पण त्यासाठी नसतो.


वेस्टबरोची काकू
३० डिसेंबर २०२४

बॅकअप, तू ओरडलास हे कबूल केलंस ते बरं केलंस. आता ऐक.

मी हा खेळ बघायला लागले मुलांमुळे. मुलं कॉलेजला गेली, मी राहिले. मला प्लेबुकातलं फार कळत नाही, माणसातलं कळतं. ड्रेक चार भावांतलं शेंडेफळ. वडील स्वतः नॉर्थ कॅरोलायनाला क्वार्टरबॅक होते, थोरला लूक तिथेच बास्केटबॉल खेळला. अशा घरात जेवणाच्या टेबलावर काय बोलायचं आणि काय गिळायचं हे पोळीबरोबरच शिकवतात. त्यांच्याकडे पोळी नसेल, पण समजून घे.

तुझा मित्र दोन प्रश्नांची खिचडी करतोय. 'कोच राहावा का?' हे ड्रेकला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ते उत्तर द्यायचं काम मालकाचं. त्याने सांगितलं ते एवढंच, की मी या माणसाबरोबर आहे. घरात सासऱ्यांवर कोणी बाहेरचा बोलायला लागला तर मी सासऱ्यांची बाजू घेत असे. याचा अर्थ सासऱ्यांचं सगळं मला पटत होतं असा कोणी काढला असता तर मला हसू आलं असतं.

उलट उदाहरण आपल्याच अंगणात आहे. दोन वर्षांपूर्वी तेव्हाचा क्वार्टरबॅक मॅक जोन्स साईडलाईनला उभा राहून ओरडताना टीव्हीवर दिसला. त्या वर्षी ऑफेन्सची सूत्रं पॅट्रिशियाकडे दिली होती, ज्या माणसाचं नाव झालं डिफेन्समध्ये. मुलाचा राग खोटा नव्हता. पण लोकांच्या लक्षात राग राहिला, कारण राहिलं नाही. यंदा मार्चमध्ये त्याला सहाव्या राऊंडच्या एका पिकवर जॅक्सनव्हिलला धाडलं.

आणि थर्ड अँड लाँग, किंमत शून्य कशी? खोलीतले बाकीचे पन्नास जण ऐकत असतात. उद्या हाच मुलगा हडलमध्ये (खेळीआधीच्या घोळक्यात) उभा राहून त्यांना काहीतरी सांगणार आहे. आज कोचला सोडून दिलं असतं तर उद्या त्याच्यापुढे उभं राहून त्याला वाचवणाऱ्या गार्डला वाटलं असतं, सॅक झाला की हा मलाही सोडेल.


पेठेतला बॅकअप
३१ डिसेंबर २०२४

काकू, सासऱ्यांचं उदाहरण वाचून बायको जोरात हसली. कोणत्या बाजूने हसली ते विचारलं नाही.

तुमचं दोन प्रश्नांचं मला पटलं, पण अर्धंच. अर्धं का ते सांगतो. काही वर्षांपूर्वी, तेव्हाच्या नोकरीत (कंपनी जाऊ दे), साहेबांच्या वरचे साहेब आले आणि एकेकाला आत बोलावून विचारलं, तुमचा मॅनेजर कसा आहे? माझा मॅनेजर माणूस म्हणून भला, कामात गोंधळी. शुक्रवारी संध्याकाळी सांगायचा एक, सोमवारी दुसरंच. मी आत जाऊन म्हणालो, उत्तम. पाठीशी वगैरे म्हणून नाही, भीतीने म्हणालो. दोन महिन्यांनी त्याला काढला. नवा आला, त्याचं माझ्याशी पहिलं वाक्य: "जुन्याचं कौतुक करणारे ते तुम्हीच ना?" पुढचं वर्षभर ते वाक्य माझ्या मानगुटीवर होतं.

म्हणून मी त्या पोराचा चेहरा बघत होतो. पुन्हापुन्हा व्हिडिओ मागे घेऊन. मला माझी भीती तिथे शोधायची होती, म्हणजे जरा बरं वाटलं असतं. सापडली नाही. थकलेला दिसला. पण टायटन्सविरुद्ध शेवटच्या खेळीला आठवतंय का, चेंडू हातात घेऊन बारा सेकंद इकडून तिकडे पळत राहिला आणि घड्याळ शून्यावर असताना स्टीव्हन्सनला टचडाऊन दिला? मॅच ओव्हरटाइममध्ये हरलोच शेवटी, २०-१७. तर जो गडी बारा सेकंद बॉल सोडत नाही तो दोन प्रश्नांना घाबरेल असं वाटत नाही.

कोल्हापुरात मी एका पेठेच्या तालमीचा राखीव गोलकीपर होतो (आमचा फुटबॉल वेगळा, पायाने खेळतात तो). शाहू स्टेडियमवर हरलो की रात्री कट्ट्यावर कोचची उत्तरपूजा व्हायची. एकदा आमचा कॅप्टन मध्ये उभा राहून म्हणाला, कोचला बोलायचं असेल तर आधी मला बोला, दोन गोल माझ्या बाजूने झालेत. सगळे गप. कोच त्या सीझननंतर राहिला नाही तो नाहीच. पण पुढच्या वर्षी त्या कॅप्टनच्या शब्दावर पोरं पावसात सरावाला यायची. मी राखीव, मला खेळायला मिळणारच नव्हतं, तरी मी जात होतो.

हे लिहिताना कळलं की मला काय पटत नव्हतं. मित्र त्या पोराच्या शब्दाचा वापर मेयोला वाचवायला करतोय. तो शब्द मेयोसाठी होता, क्राफ्टसाठी नव्हता. थर्ड अँड लाँग म्हणतो ते सगळं खरं आहे आणि माझ्या मते कोच जायला हवा. आणि पोरगा बोलला तेही बरोबर बोलला. दोन्ही.


थर्ड अँड लाँग
३१ डिसेंबर २०२४

'दोन्ही' हे उत्तर पंचाला चालत नाही. बाकी हडलचा मुद्दा मान्य, शून्य मागे घेतो. रविवारी बफेलो आहे. हरलो की तळाला राहून ड्राफ्टचा पहिला पिक आपला. आयुष्यात प्रथमच मी हार बघायला पॉपकॉर्न करून बसणार.


पेठेतला बॅकअप
७ जानेवारी २०२५

पॉपकॉर्न कसं होतं?

जिंकलो. २३-१६. बफेलो बिल्सच्या जोश ॲलनने एक स्नॅप (एकच खेळी) घेतला आणि टोपी घालून बसला. आपला मेही एका ड्राइव्हनंतर बाहेर, पुढची मॅच जो मिल्टनने काढली, २४१ यार्ड. बिल्सची दुसरी फळी होती हे मान्य, पण स्टेडियममध्ये लोक आनंद मानायचा की नाही या संकटात होते. पहिला पिक गेला, आता चौथा. जिंकून हरणं म्हणजे काय ते कोणाला शिकवायचं असेल तर ही मॅच दाखवा.

आणि घरी जेवणं व्हायच्या आत बातमी आली, मेयोला काढलं. काल क्राफ्टने दोष स्वतःकडे घेतला, म्हणाला की मीच त्याला अवघड जागी बसवलं. माझ्या मित्राचा फोन आला, आवाज असा की जणू त्यालाच काढलंय. "पोराचं ऐकलं नाही रे." मी म्हटलं, पोराने तसं काही सांगितलंच नव्हतं. मग अर्धा तास आम्ही भांडलो.

नवा कोच कोण याचा धागा थर्ड अँड लाँगने काढावा, माझा स्टॅमिना संपला. माझ्यापुरती एकच अडचण उरलीय. काल बायकोने कपाट आवरायला काढलं आणि ५१ नंबर हातात धरून विचारलं, हे दान करायच्या पिशवीत टाकू का? बाहीला मोहरीचा डाग आहे, २०११ चा. मी म्हटलं, असू दे, गार पाण्यात धू.

काकू, मोहरीचा जुना डाग कशाने जातो?


वेस्टबरोची काकू
७ जानेवारी २०२५

तेरा वर्षांचा? जात नाही. व्हिनेगर लावून बघ, फिका होईल.