एक्स-रेत 'हूक' दिसला म्हणजे हाड घासायलाच हवं का?

मुठाकाठ: पथकांचा सराव सुरू झाला की ध्वज नाचवणाऱ्यांचे खांदे धरतात आणि एक्स-रेच्या अहवालात 'टाइप ३ ॲक्रोमियन' (ॲक्रोमियन म्हणजे खांद्याच्या छतासारखं वरचं हाड) लिहून येतं. अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सक बिग्लियानी यांनी १९८६ मध्ये या हाडाचे तीन आकार मांडले: सपाट (टाइप १), वक्र (टाइप २) आणि आकड्यासारखा, म्हणजे 'हूक' (टाइप ३). हे हाड आणि खालचा दंडाच्या हाडाचा गोळा यांत जेमतेम सेंटिमीटरभर जागा. तिथे आकडा असेल तर हात ६० ते १२० अंशांत उचलताना सुप्रास्पिनेटसची (हात उचलणाऱ्या स्नायूची) कंडरा चिमटणारच. मूळ अडथळा दुर्बिणीतून घासून काढावा. नुसत्या व्यायामाने हाड थोडंच सरळ होणार?

कंडरा: हाड सरळ होत नाही, पण दुखणं थांबतं. २०१८ मध्ये ब्रिटन आणि फिनलंडमधल्या दोन चाचण्यांत काहींचं हाड घासलं, काहींना फक्त दुर्बीण घालून बाहेर काढली. दोन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला. हाड घासल्यामुळे बरं वाटत असतं, तर इथे फरक दिसायला हवा होता. शिवाय तो आकडा बरेचदा जन्मजात नसतोच. वयानुसार लिगामेंटच्या (हाडं बांधणाऱ्या पट्ट्याच्या) टोकाशी हाड वाढतं. एक्स-रेची नळी थोडी कलली तरी टाइप २ चा टाइप ३ दिसतो, आणि एकच फिल्म दोन डॉक्टर वेगवेगळी वाचतात.

सांधेजोड: त्या चाचण्यांत कंडरा पूर्ण फाटलेले रुग्ण घेतलेच नव्हते, हे सोडून कसं चालेल? हाड बाजूला जास्त पुढे आलेलं असेल आणि क्रिटिकल शोल्डर अँगल (सांध्याची खोबण आणि ॲक्रोमियनची बाहेरची कड यांतला कोन) ३५ अंशांच्या वर असेल, तर डेल्टॉइड हा खांद्याचा बाहेरचा स्नायू गोळ्याला वर ओढतो आणि रोटेटर कफवर (गोळ्याभोवतीच्या कंडरांवर) ताण येतो. अशा खांद्यांत फाटलेला कफ जास्त आढळतो. पंचविशीनंतरही ॲक्रोमियनचा तुकडा सांधला गेला नसेल, तर तो काखेतून घेतलेल्या एक्स-रेत दिसतो. तो न बघता घासलं तर तुकडा आणखी सैल होतो. आकार गौण म्हणून हाडच विसरू नका.

कंडरा: सैल तुकड्याचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण अँगल धोका सांगतो, ऑपरेशनची गरज नाही. आधी १२ आठवडे नेमाने व्यायाम: कोपर अंगाला, मध्ये गुंडाळलेला टॉवेल, रबरी पट्टा बाहेरच्या बाजूला ओढायचा. १५ चे तीन सेट, दिवसाआड. दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत चालेल, मात्र दुसऱ्या सकाळपर्यंत उतरायला हवं. नाही उतरलं तर पट्टा हलका घ्या. बहुतेकांचं इथेच चुकतं: आठवड्यात बरं वाटलं की व्यायाम सुटतो. ध्वज पूर्ण बंद करू नका. वेळ निम्मा करा, काठी खांद्याच्या उंचीखाली ठेवा.

मुठाकाठ: मग इंजेक्शन?

कंडरा: स्टेरॉइडने काही आठवडे दुखणं दबतं, तेवढ्यात व्यायाम मार्गी लावायचा. पुन्हा पुन्हा घेतलं तर कंडरा कमजोर होते.

सांधेजोड: आणि पडल्यानंतर हात उचलताच येत नसेल, तर १२ आठवडे थांबू नका. लगेच सोनोग्राफी किंवा एमआरआय. फाटलेली कंडरा मागे सरकली आणि स्नायूत चरबी भरली की शिवणं अवघड जातं.