'वेट्रेस' (2007): शेवटचा तो चेक नसता तर?

सोनटक्का
स्पॉयलर भरपूर आहेत, बघायचा असेल तर इथूनच मागे फिरा.

'वेट्रेस'ला लोक "बाईने स्वतःच्या हिमतीवर नवऱ्याला सोडलं" म्हणून डोक्यावर घेतात, ते मला अजिबात पटत नाही. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी, अमेरिकेच्या दक्षिणेतलं एक छोटं गाव, तिथलं पायचं (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) डायनर म्हणजे साधं हॉटेल, त्यात जेना (केरी रसेल) वेट्रेस आणि पाय करण्यात एक नंबर. नवरा अर्ल रोज हॉर्न बडवत न्यायला येतो आणि गाडीत बसल्या बसल्या टिपचे पैसे काढून घेतो. ती घरभर नोटा लपवते, कारण शेजारच्या गावातल्या पाय स्पर्धेत 25 हजार डॉलरचं बक्षीस आहे आणि ते जिंकून तिला पळायचंय. त्यात नको असलेलं बाळ राहतं, मग गायनॅकशी लफडं. आणि इतकं सगळं उभं करून शेवटी काय, तर डायनरचा मालक, 'जो' नावाचा म्हातारा, तिला अडीच लाख डॉलरच्या वरचा चेक देतो! म्हणजे दोन तास आपण बघितलं की या बाईला बाहेर पडायला वाटच नाही, आणि दिग्दर्शिकेलाही ती सापडली नाही म्हणून तिने लॉटरी लावून दिली. गोड आहे सिनेमा, रडलेही मी, पण ही फसवणूक आहे.

टवाळ_कार्टं
रडलीस पण आणि फसवणूक पण? एक काय ते ठरव बाई 😄

पिठलंभाकर
असहमत. क्रम बघा ना. बाळ हातात आल्यावर ती अर्लला तोंडावर सांगते की माझं तुझ्यावर कित्येक वर्षं प्रेम नाहीये, मला घटस्फोट हवाय. तो अंगावर येतो, त्याला खोलीबाहेर काढतात. त्यानंतर तिला जोने दिलेल्या पाकिटाची आठवण येते. म्हणजे निर्णय झाला तेव्हा तिच्याकडे छदामही नव्हता, लपवलेले पैसे अर्लला आधीच सापडले होते आणि "बाळासाठी साठवले" अशी थाप मारून त्यातून पाळणा घ्यावा लागला होता. चेक हे बक्षीस आहे, कारण नाही. डाळीच्या डब्यात नोटा ठेवणाऱ्या बायका आपल्याकडे कमी का आहेत? त्यांना विचारा, डबा सापडल्यावर काय होतं. तो प्रसंग ज्याने लिहिलाय, सॉरी जिने लिहिलाय, तिला हे सगळं नीट माहीत होतं.

सोनटक्का
क्रम मान्य आहे पण क्रम लिहिणाऱ्याच्या हातात असतो हो. ती "चालता हो" म्हणाली, ठीक, टाळ्या. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. बाळ घेऊन जाणार कुठे? घर अर्लचं, गाडी अर्लची, मैत्रिणी तिच्याइतक्याच कडक्या. हा प्रश्न पडायच्या आत पाकीट उघडतं, तक्रार तीच आहे.

जर्सीवाला_काका
सोनटक्काताईंच्या बाजूने एक गोष्ट सांगतो, भारतातून बघताना पटकन लक्षात येत नाही. टिप घेणाऱ्या कामगाराचा अमेरिकेतला फेडरल (केंद्र सरकारने ठरवलेला) किमान रोख पगार तासाला 2.13 डॉलर आहे आणि तो 1991 पासून बदललेलाच नाही. टिप धरून नेहमीच्या किमान पगाराइतकं झालं नाही तर फरक मालकाने भरायचा असा कायदा आहे, पण तो मागायला वेट्रेसच्या अंगात धमक पाहिजे. आमच्या न्यू जर्सीत रक्कम बरीच जास्त आहे, दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत मात्र तोच 2.13. म्हणजे अर्ल जी टिप खिशात घालतो ती चहापाण्याचे वरचे पैसे नाहीत, तोच तिचा पगार आहे. तो गाडीतला सीन परत बघा, ती मुकाट्याने नोटा काढून देते आणि हा मोजतो. मारहाणीपेक्षा मला तो सीन जास्त भयानक वाटतो. त्यामुळे चेकशिवाय ती सुटली असती का? माझ्या मते नसती. पण म्हणूनच चेक दाखवणं जास्त प्रामाणिक नाही का, नुसत्या हिमतीवर घरभाडं भरता येत नाही हे सिनेमा कबूल करतोय.

चुलीवरची
काका, शेवटचं वाक्य जबरी पण उलटं पडतंय. कबूल करायचं असतं तर पैशाचा मार्ग तिच्या हुनरमधून काढला असता. ब्रॉडवेवरच्या म्युझिकलने (2016, गाणी सारा बरेलिसची) नेमकं हेच दुरुस्त केलं. तिथे जो तिला चेक देत नाही, डायनरच सोपवून जातो. आयती रक्कम वेगळी आणि राबून चालवायचं दुकान वेगळं. सिनेमात पण शेवटी ती स्पर्धा जिंकते आणि डायनरला मुलीचं, लुलूचं नाव देते, पण चेकनंतर ते सगळं वरची चेरी वाटतं.

बाकी "आय हेट माय हजबंड पाय"ची कृती ऐकून मी आडवी झाले होते. कडू चॉकलेट घ्यायचं, साखर मुद्दाम घालायची नाही, पुडिंग करायचं आणि वर कॅरॅमलमध्ये बुडवून टाकायचं. अख्खं लग्न आलं की त्यात.

टवाळ_कार्टं
दुकान काय, चेक काय, दिलं म्हाताऱ्यानेच ना?

स्टेथोस्कोप
तुम्ही सगळे चेकवर भांडताय आणि डॉक्टरकडे कोणाचंच लक्ष नाही! डॉ. पोमॅटर स्वतःच्या गरोदर पेशंटशी संबंध ठेवतो, चालू पेशंटशी असे संबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत सरळ निषिद्ध आहेत आणि आपल्याकडेही लायसन्सवर येईल. नेथन फिलियन गोंडस दिसतो, बावचळून बोलतो, म्हणून सगळं माफ? हेच काम टकल्या पोटसुट्या नटाने केलं असतं तर तुम्ही याला हॉरर म्हणाला असता. आणि ओगी! पाच मिनिटांच्या डेटनंतर डॉन (जेनाची डायनरमधली मैत्रीण) "नको" म्हणते तरी हा डायनरमध्ये येऊन कविता म्हणत बसतो आणि शेवटी तिच्याशी लग्न. रोमँटिक कॉमेडी म्हणे.

पिठलंभाकर
ओगीबद्दल बिनशर्त शरणागती, तो तेव्हाही खटकला होता. पण पोमॅटरला सिनेमा माफ कुठे करतोय? ती शेवटी त्यालाही सोडते की. प्रसूतीच्या खोलीत त्याची बायको स्वतः डॉक्टर म्हणून हजर असते, नवऱ्यावर तिचा किती विश्वास आहे ते जेनाला दिसतं, आणि विषय संपतो. दुसरा कुठलाही रोमकॉम असता तर डॉक्टर बायकोला सोडून हिच्या मागे धावला असता. इथे हिरो मिळतच नाही, म्हणून तर आवडतो.

अवांतर_आजी
अवांतर, पण सांगते. ॲड्रियन शेली, म्हणजे याची लेखिका-दिग्दर्शिका, चष्मेवाली डॉनही तीच, तिची न्यूयॉर्कमध्ये नोव्हेंबर 2006 मध्ये हत्या झाली. सिनेमा सनडान्स चित्रपट महोत्सवात दाखवला तो 2007 च्या जानेवारीत, तिच्या पश्चात. शेवटी जी चिमुरडी लुलू दिसते ती शेलीची खरी मुलगी. हे कळल्यावर चेकबिक माझ्यासाठी गौण झालं.

चुलीवरची
आजी, वाईट वाटतं, खूप. पण ते बाईंबद्दल झालं, पटकथेबद्दल नाही. सिनेमा चांगला की वाईट हे त्यावर ठरवायला लागलो तर बोलणंच खुंटेल.

अवांतर_आजी
पटकथेबद्दलच बोलते मग. तिने ही लिहिली स्वतः गरोदर असताना, मूल झाल्यावर आपलं काय होणार या धास्तीपोटी. म्हणून जेनाने बाळाला लिहिलेली पत्रं इतकी रोखठोक आहेत, "तू मला नकोयस" इथपर्यंत, असं आईच्या तोंडी मी तरी फारसं ऐकलेलं नाही. तुम्हा पोरांना चेक खोटा वाटतो, मला खोटा वाटतो तो त्याच्या आधीचा क्षण. बाळ छातीवर ठेवलं आणि नऊ महिन्यांची नावड एका सेकंदात गायब! माझ्या थोरलीच्या वेळी मला महिनोन् महिने नुसती झोप हवी होती, माया नंतर आली, हळूहळू.

सोनटक्का
आजी, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं आणि माझ्याच मुद्द्याला पुरवणी आहे. अर्लला हाकलायचं बळ तिला त्या एका सेकंदातूनच येतं. तो सेकंद आयता आणि चेकही आयता.

पिठलंभाकर
आयता कसा, बाळंतपण तिनेच केलं ना 🙄

टवाळ_कार्टं
+1. धागा पेटलाय, कोणीतरी पाय आणा.