एअर रायफलची नळी बदलली, आता नळी आणि दस्त्यामध्ये फट – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, वेंगुर्ल्याहून लिहितोय. लेक १० मीटरचा सराव करते. तिच्यासाठी चार वर्षांपूर्वी एक जुनी एअर रायफल घेतली: ४.५ मिमी, बाजूला लिव्हर, नळी जागच्या जागी स्थिर (मोडून भरायची नव्हे), दस्ता शिसवीचा. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटाची दारं फुगून उघडत नाहीत, तिथे लोखंडाची काय कथा. दर आठवड्याला शिलाई मशीनचं तेल देऊनही नळी आतून गंजली ती गंजलीच. शेवटी आंबोली घाट चढून कोल्हापूरला गेलो आणि एका कारागिराकडून नळी बदलून आणली.

नवी नळी मागे अगदी फिट बसते, पण पुढे बारीक आहे. जुनी १६ मिमी होती, ही १५. दस्त्याची खाच १७ ची. म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक मिमी फट दिसायला हवी. प्रत्यक्षात उजवीकडे चांगली दोन मिमी आहे आणि डावीकडे नळी लाकडाला चिकटलेली.

परिणाम असा, की पूर्वी पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकायचे, आता लेकीने हात जरा पुढे सरकवला तरी छर्रा उजवीकडे जातो. कारागीर फोनवर म्हणाला एम-सील भरा. आमचा सुतार म्हणतो सागाची पट्टी ठोकतो. मी व्हिजिटिंग कार्डाची घडी डावीकडे सारून बघितली. दोन दिवस छान चाललं, मग सरींनी जोर धरला आणि सगळे छर्रे भलतीकडे. काय भरू?

वानरत्रस्त: वानरांसाठी असेल तर एवढा विचार कशाला करताय! फट्ट आवाज झाला की पुरे.

धागाकर्ता: नाही हो, फक्त कागदाच्या टार्गेटसाठी. वानराला छर्रा मारणं गुन्हा आहे, आणि वर ते जखम घेऊन कुठेतरी कुजत पडतं. त्यापेक्षा डबा बडवा.

दहामीटर: काही भरू नका. पुढची फट हा दोष नाहीच, ती हवीच. छर्रा सुटताना नळी थरथरते. ती मोकळी असली की दर वेळी सारखीच थरथरते. लाकूड टेकलं की हाताचा दाब आणि हवेतला ओलावा दोन्ही नळीपर्यंत पोचतात. कार्डाने दोन दिवस गंमत दाखवली ती त्यामुळेच. जाडसर कागदाची पट्टी नळीखाली घालून टोकापासून मागच्या ठोकळ्यापर्यंत (नळी मागे ज्यात बसते तो धातूचा भाग) कुठेही न अडता सरकली पाहिजे. तुमचा प्रश्न फट आहे हा नाही, एका बाजूला नाही हा आहे. नळी डावीकडे का झुकली ते आधी शोधा. रायफल रिकामी आहे ना हे दोनदा बघा, मांडीवर उलटी धरा, एक बोट नळी आणि दस्त्याच्या टोकावर असं ठेवा की दोन्हींना स्पर्श होईल. दुसऱ्या हाताने दस्ता जोडणारा पुढचा स्क्रू हळूहळू सैल करा. बोटाखाली नळी हलली तर ठोकळ्याची लाकडातली बैठक वाकडी आहे. अजिबात हलली नाही तर एकतर नळी ठोकळ्यात तिरकी बसलीय किंवा लाकूड पुढे पिळलंय.

बागायतदार_देवगड: विषय निघालाच आहे तर, माझ्या शेतीसंरक्षणाच्या बाराबोरीचीही नळी लाकडात खुळखुळते. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केली होती, परत आल्यापासून असं. हीच युक्ती चालेल का?

दहामीटर: नाही. ती परवान्याची बंदूक आहे आणि तिच्यात दारू पेटते. परवानाधारक गनस्मिथकडेच न्या, घरी काही करू नका. इथलं सगळं हवेच्या बंदुकीपुरतं.

धागाकर्ता: बोटाची परीक्षा केली. पुढचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला आणि नळी बोटाखालून सरळ उजवीकडे सरकली, जवळजवळ मधोमध! मग सगळं उघडलं. ठोकळा बसतो तिथलं डावीकडचं लाकूड काळं पडलंय, नखाने दाबलं तर ओल्या सुपारीसारखं दबतं. बोट लावलं तर तेलाचा वास. म्हणजे कोल्हापूरच्या माणसाला मी उगाच शिव्या घातल्या.

दहामीटर: रायफल कोपऱ्यात उभी ठेवता ना, नळी वर करून?

धागाकर्ता: चार वर्षं.

दहामीटर: मग सगळं तेल ओघळून तिथेच मुरलं. यापुढे आडवी ठेवा, आणि तेल कापडाला लावून पुसा, ओतू नका. मऊ झालेलं लाकूड चांगलं लागेपर्यंत खरवडा. खडूची भुकटी थिनरमध्ये कालवून तिथे थापा, सुकली की झाडा. पिवळी येते तोवर परत परत करा. खिडकी उघडी, जवळ विस्तव नको. मग त्या बैठकीत इपॉक्सीचा थर द्यायचा. फक्त ठोकळ्याखाली, नळीखाली अजिबात नाही.

फायबरवाला_मालवण: होडयेचा रेझिन माझ्याकडे डबोभर आसा, पण ता वापरू नको. सुकताना आकसता, आठ दिवसांनी परत फट गावतली. दोन ट्यूबवालो इपॉक्सी घे, सावकाश सुकणारो. पाच मिनिटवाल्याच्या नादाक लागू नको, ठोकळो सरळ करीपर्यंत दगड होता. आणि आता पावसात नको रे बाबा, लाकूड आधी सुकू दे.

धागाकर्ता: म्हणजे दिवाळीनंतरच. तोवर दस्ता माळ्यावर चुलीच्या बाजूला ठेवू का?

दहामीटर: चुलीजवळ तडकेल. घरात हवेशीर जागी ठेवा, पुरे. सुकलेल्या उघड्या लाकडाला आतून वॉर्निशचा हात द्या, इपॉक्सीची जागा सोडून. बाहेरून चकाचक आणि आतून कोरं लाकूड असेल तर ते आतूनच ओल पितं. आणि थर द्यायच्या आधी ठोकळ्याला बूटपॉलिश चोपडा, नाहीतर रायफल आणि दस्ता जन्माचे सोबती होतील. स्क्रूची भोकं मुलांच्या खेळण्यातल्या मातीने (क्ले) बुजवा. स्क्रू बेताने आवळा, नळीच्या दोन्ही बाजूंना एकेक मिमीच्या पत्र्याचे तुकडे घालून ती मधोमध ठेवा, २४ तास हात लावू नका. नंतर पत्रे काढायला विसरू नका.

धागाकर्ता: पॉलिश काळंच लागतं का? घरात तपकिरी आहे.

दहामीटर: तपकिरी चालेल. दोन हात द्या.