अकिहाबारात एकच दिवस: सुरुवात कोठून करावी?

प्रश्न: एप्रिलमध्ये टोकियोला जाणे होत आहे, आणि तेथील अकिहाबारा या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारपेठेसाठी एकच दिवस मिळणार आहे. मी जुने रेडिओ दुरुस्त करतो, त्यामुळे झगमगत्या बहुमजली दालनांपेक्षा सुट्या भागांची जुनी दुकाने पाहण्याची मनापासून इच्छा आहे. कोठे जावे, आणि तेथील वस्तू आपल्याकडे चालतील का?

उत्तर १: स्टेशनातून बाहेर पडताच रेल्वेच्या पुलाखालील रेडिओ सेंटर गाठावे. महायुद्धानंतर रस्त्यावर रेडिओचे भाग विकणाऱ्यांमधून ही वस्ती उभी राहिली, आणि एका वेळी जेमतेम एक माणूस जाईल अशा त्या बोळांतून फिरताना तिचे मूळ आजही जाणवते. स्विच, कपॅसिटर, व्हॅक्यूम ट्यूब असे सारे छोट्या खणांत नीट लावलेले असते, आणि डोक्यावरून गाडी गेली की गाळा हलकासा थरथरतो. बदलायचा असलेला जुना भाग सोबत न्यावा. तो दाखवला की भाषेची अडचण बरीचशी सरते.

उत्तर २: विजेबाबत मात्र सावध राहावे. जपानमध्ये १०० व्होल्टचा पुरवठा असतो, आपल्याकडे २३० व्होल्टचा. मी हौसेने आणलेले सोल्डरिंग आयर्न (तारा जोडण्यासाठी डाग देण्याचे अवजार) घरच्या सॉकेटला थेट लावले आणि काही मिनिटांतच ते जळाले. फार हळहळ वाटली. लेबलवर १००–२४० व्होल्ट असे छापलेले असेल तरच वस्तू निर्धास्त घ्यावी, अन्यथा ट्रान्सफॉर्मरचा खर्च धरावा.

उत्तर ३: रविवारी दुपारी चुओ-दोरी हा मुख्य रस्ता वाहनांना बंद असतो, तेव्हा निवांत चालता येते. करमुक्त खरेदीसाठी मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा.