मदत हवी आहे: संधिवातातून फुप्फुसाचा त्रास, मराठवाड्यात कुठे दाखवावं?

नमस्कार मंडळी. आई परभणीजवळ गावी असते. ऱ्हुमॅटॉइड संधिवात जुनाच, पण हल्ली कोरडा खोकला सुटत नाही; हापशावरून घागर आणली की ओट्याला टेकून धापा टाकते. एचआरसीटीत (छातीच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये) आयएलडी, म्हणजे फुप्फुसाच्या ऊतींना सूज येऊन व्रण पडण्याचा आजार, निघाला. डॉक्टर म्हणाले, रोगाशी लढणाऱ्या बी आणि टी पेशीच सांध्यांसारख्या फुप्फुसावरही उलटल्यात, त्यानं फुप्फुस कडक होतंय. बी पेशी कमी करणारं रिटुक्सिमॅब सलाईनमधून द्यायचंय, आधी हिपॅटायटिस बीची तपासणी.

कुणाच्या घरी हे घेतलंय का? नंतर जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून काय सांभाळलंत? लातूर, नांदेड, संभाजीनगरात संधिवाताचे आणि छातीचे डॉक्टर मिळून बघतात असं ठिकाण कळवा. गावठी औषधं कृपया सुचवू नका, आईचा जीव महत्त्वाचा आहे.