केदारकंठा हिवाळी चढाई : गटातील एक जण सिकलसेल वाहक आहे, अर्जात लिहावे का?

प्रश्न (सातपुडा_पायथा) :
नमस्कार. अचलपूर तालुक्यातील आमच्या गावचा आठ जणांचा गट तुरीची मळणी आटोपल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीस, उत्तराखंडमधील केदारकंठा या सुमारे ३,८०० मीटर उंचीच्या शिखरावर जाणार आहे. सरावासाठी आम्ही दर रविवारी चिखलदऱ्याचा घाट पायी चढतो. आमचा एक मित्र सिकलसेल वाहक आहे, म्हणजे या आनुवंशिक रक्तविकाराचे जनुक त्याला आई-वडिलांपैकी एकाकडूनच मिळाले आहे. तो दिवसभर शेतात राबतो आणि त्याला आजवर कसलाही त्रास झालेला नाही. आयोजकांच्या आरोग्यविषयक अर्जात हे लिहिल्यास आपल्याला वगळतील, अशी त्याला भीती वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (ग्रामीण_डॉक्टर) :
अवश्य लिहावे. वाहकाला सपाट प्रदेशात सहसा काही जाणवत नाही, म्हणूनच शेतातील कष्टांचा दाखला येथे उपयोगी पडत नाही. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत एक तृतीयांशाहून अधिक कमी असतो. त्यात थंडी, दमछाक आणि तहान न लागल्यामुळे कमी प्यायलेले पाणी यांची भर पडली, तर काही वाहकांच्याही तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन प्लीहेचा (पोटाच्या डाव्या बाजूला बरगड्यांखाली असलेल्या अवयवाचा) रक्तपुरवठा अडू शकतो. असे थोड्यांच्याच बाबतीत घडते. मात्र डाव्या बरगड्यांखालची तीव्र कळ आणि उलट्या ही लक्षणे तंबूत पित्त म्हणून सोडून दिली जातात, आणि खरा धोका त्या दिरंगाईत आहे. गटप्रमुखाला आधीच माहिती असेल, तर तो प्राणवायू देऊन रुग्णाला तत्काळ खाली उतरवील.

आपला मित्र वाहकच आहे, याचीही खात्री करावी. सोल्युबिलिटी ही प्राथमिक रक्तचाचणी वाहक आणि प्रत्यक्ष सिकलसेल आजार असलेला रुग्ण यांतील फरक सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी लागते. रुग्ण असल्यास या उंचीवर जाऊच नये. उरलेल्या सात जणांनीही तपासणी करावी, कारण आपल्या विदर्भात स्वतः वाहक असल्याचे ठाऊक नसलेले लोक पुष्कळ आहेत.

उत्तर (वणीचा_वाटसरू) :
डॉक्टरांशी मी सहमत आहे. सरावाविषयी थोडे सांगतो. चिखलदरा जेमतेम अकराशे मीटरवर असल्यामुळे तेथे पाय तयार होतात, पण विरळ हवेची सवय होत नाही. ती सांकरीपासून (चढाई जेथून सुरू होते त्या गावापासून) सावकाश चढूनच होते. शिखराची चढाई पहाटेपूर्वी सुरू करतात, कारण ऊन वाढल्यावर बर्फ मऊ होऊन पाय रुततात. काळा चष्मा विसरू नये. आणि आपण कापूस पिकवणारी माणसे असलो, तरी अंगालगत सुती कपडा घालू नये. घामाने भिजलेले सूत लवकर वाळत नाही आणि अंग गारठवते. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावे. कुणाला परतावे लागल्यास त्याच्यासोबत कोण उतरेल, हे गावातच ठरवावे, कारण शिखर दिसू लागल्यावर स्वखुशीने मागे फिरणारा मिळत नाही.

प्रश्नकर्ता (सातपुडा_पायथा) :
मनःपूर्वक आभार. सर्वांची तपासणी करून घेत आहोत. मित्राने वाटेवरील जुडा का तालाबपर्यंतच यावे, असा विचार पुढे आला आहे. ते ठीक राहील का?

उत्तर (ग्रामीण_डॉक्टर) :
तो तलाव शिखरापेक्षा सुमारे हजार मीटर खाली असल्याने तेथे धोका कमी आहे, पण शून्य नाही. अहवाल घेऊन त्याने आधी फिजिशियनला भेटावे, वाटेत भरपूर पाणी प्यावे, आणि डाव्या कुशीत दुखू लागल्यास सकाळची वाट न पाहता सोबत्यासह खाली उतरावे.